तख्ताचे वारस आणि एका ताटातले जेवण
(ईडन प्रेरी येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मिनेसोटातील ज्या हेनेपिन परगण्यात आजची ही सभा भरली आहे, त्यास ज्याचे नाव मिळाले त्या लुई हेनेपिन नावाच्या पाद्र्याने १६८० साली मिसिसिपीचा धबधबा पाहिला आणि तीन वर्षांनी आपले प्रवासवर्णन चौदाव्या लुईस अर्पण केले. तेव्हा फ्रान्सच्या तख्ताच्या वारसांची कथा या प्रेरीवर सांगणे वाटते तितके अप्रस्तुत नव्हे.

सोळाव्या लुईचा १७९३ साली शिरच्छेद झाला, आणि राजनिष्ठांनी ज्यास सतरावा लुई मानले तो त्याचा पुत्र ८ जून १७९५ रोजी पॅरिसच्या बंदिवासात, वयाच्या अवघ्या दहाव्या वर्षी, मरण पावला. परंतु ज्या राजाचे अंत्यदर्शन प्रजेस घडत नाही तो राजा प्रजेच्या मनात सहसा मरत नाही. आपल्याकडे पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, तसे तिकडे तोतयांचे पीकच आले. नाउंडोर्फ नावाच्या एका घड्याळजीच्या डेल्फ्ट येथील थडग्यावर सतराव्या लुईचे नाव कोरलेले आहे. आणि आपल्या शेजारच्या विस्कॉन्सिनात ग्रीन बे येथे राहणारा एलिएझर विल्यम्स हा मोहॉक वंशाचा धर्मोपदेशक तर असे सांगे की, १८४१ साली फ्रान्सचा राजपुत्र जॉइनव्हिल याने आपणापुढे राज्यत्यागाचा लेख सहीसाठी ठेवला होता. राजपुत्राने ही हकीकत साफ नाकारली. विल्यम्स १८५८ साली वारला. मिनेसोटा घटकराज्य झाले तेही त्याच वर्षी.

आता खरा वारस कोण, हाच प्रश्न साताऱ्याच्या गादीपुढे कसा आला ते पाहा. १७०७ साली शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून स्वदेशी परतले, तेव्हा ताराबाईंनी त्यांस तोतया ठरविले. आणि परसोजी भोसल्यांनी त्यांच्यासमवेत एका ताटात जेवून ही शंका निवारिली, असे सांगतात. पुढे शाहूंच्या निधनानंतर रामराजा हा आपला नातू आहे, अशी ग्वाही त्याच ताराबाईंनी त्याच्यासह भोजन करून, अन्नाची शपथ घेऊन दिली. आणि तो हाती राहीनासा दिसताच त्यास कैदेत टाकून, १७५२ साली जेजुरीस खंडोबासमोर तो आपला नातू नव्हे, अशीही शपथ घेतली! या बाईंच्या कर्तृत्वाविषयी मला आदर आहे. तथापि अन्न आणि देव या दोहोंस परस्परविरुद्ध साक्षीस उभे करण्याचे धाडस दुसऱ्या कोणा मुत्सद्द्यास साधले असेल, असे वाटत नाही. मला ध्यानात आणून द्यावयाचे आहे ते इतकेच की, येथे साक्षीदाराचा स्वार्थ उघड होता, हे सर्वांस ठाऊक होते, आणि तरीही राज्याचा फैसला त्याच साक्षीवर होत असे.

फ्रान्समध्ये याच्या उलट घडले. शवविच्छेदन करणाऱ्या पेलेतां या वैद्याने सतराव्या लुईचे हृदय गुपचूप काढून मद्यार्कात राखले होते. अनेकांच्या हातून फिरलेल्या त्या शुष्क अवशेषाची आनुवंशिक परीक्षा २००० साली झाली, तो त्या बालकाच्या आईच्या, मारी आंत्वानेतच्या, मातृकुलाशी जुळला, आणि ८ जून २००४ रोजी सेंट डेनिसच्या राजसमाधिस्थानी त्याचे दफन झाले. इतका निःस्वार्थ पुरावा साताऱ्यास कधी लाभला नाही. परंतु फ्रान्सच्या हाती तो आला तेव्हा द्यावयास तख्त नव्हते.

आज बूर्बोंचा लुई आल्फोन्स आणि ऑर्लेआं शाखेचा जां, असे दोघे त्या नसलेल्या तख्तावर हक्क सांगतात. दोघांच्या रक्ताविषयी तक्रार नाही. वाद आहे तो १७१३च्या युट्रेक्टच्या तहाचा: स्पेनचा राजा झालेल्या पाचव्या फिलिपने फ्रान्सच्या वारशावर सोडलेले पाणी त्याच्या वंशजांस बंधनकारक आहे काय? ऑर्लेआंच्या शाखेने पदवी व राजचिन्हे यांवरून दावा लावला, तेव्हा राजघराण्यांतील चढाओढीचा निवाडा करणे हे प्रजासत्ताकाच्या न्यायासनाचे काम नव्हे, असे म्हणून पॅरिसच्या न्यायालयाने १९८८ साली तो फेटाळून लावला.