बाभळीचीं चौदा दारें

कारंजा लाडच्या परिसरांतून जाणारी अडाण नदी पैनगंगेस मिळते. पैनगंगा वर्धेंत जाते, वर्धा व वैनगंगा यांच्या संगमानें प्राणहिता होते, आणि प्राणहिता शेवटीं गोदावरींत विलीन होते. म्हणजे कारंज्याच्या शिवारांत पडलेला पाऊस अखेर दुसऱ्या राज्याच्या हद्दींत जाऊन पोहोंचतो. एका राज्यांतील धरणाचें दार केव्हां उघडावें व केव्हां लावावें, याची विचारपूस शेजारच्या राज्यानें कां करावी, असें कोणी विचारल्यास नदीचा हा प्रवास हेंच त्याचें उत्तर होय.

हा प्रश्न गोदावरीच्या मुख्य पात्रावर नांदेड जिल्ह्यांत, धर्माबाद तालुक्यांतील बाभळी येथें मोठ्या निकरानें उभा राहिला. तेथें महाराष्ट्रानें १४ दारांचा बंधारा बांधला. त्याच नदीवर खालीं, निजामाबादकडे, पोचमपाडचें धरण पूर्वींच झालेलें होतें. त्याच्या जलाशयास श्रीरामसागर म्हणतात. तो पूर्ण भरला म्हणजे पाण्याचा फुगवटा महाराष्ट्राच्या हद्दींत येतो, आणि बाभळीचा बंधारा त्या फुगवट्यांतच सांपडतो. तंट्याचें मूळ येथेंच आहे.

दोन्ही पक्षांजवळ आधार एकाच कागदाचा होता. ता. ६ ऑक्टोबर १९७५ रोजीं महाराष्ट्र व आंध्र प्रदेश यांच्यांत करार झाला. गोदावरीवरील पैठण, पूर्णेवरील सिद्धेश्वर व मांजरेवरील निजामसागर या तीन धरणांच्या खालीं, पोचमपाडपर्यंतच्या भागांत महाराष्ट्रानें नव्या कामांसाठीं ६० अब्ज घनफूट पाणी वापरावें, असें त्यांत ठरलें. पुढें १९८० सालीं बच्छावत लवादाचा अंतिम निवाडा झाला, त्यांत हा करार समाविष्ट झाला. पाण्याची वांटणी अशी झाली. परंतु दारें कोणत्या महिन्यांत खालीं सोडावीं, याविषयीं करारांत कांहींच नव्हतें. वांटणी ही एक गोष्ट, आणि वहिवाट ही दुसरी. भावाभावांत विहिरीचे हिस्से झाले, तरी पाळीचे वार ठरल्यावांचून मोट चालत नाहीं, तसेंच हें आहे.

आंध्र प्रदेशानें २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयांत दावा लावला. बाभळीच्या बंधाऱ्यांत अवघें २.७४ अब्ज घनफूट पाणी मावतें, आणि श्रीरामसागराची मूळ क्षमता सुमारें ११२ अब्ज घनफुटांची. तेव्हां भय कशाचें, असें प्रथमदर्शनीं वाटेल. भय होतें तें बंधारा एकदां भरून रिता करण्याचें व पुनः भरून घेण्याचें. उलट महाराष्ट्राचें म्हणणें असें कीं, करारानें दिलेल्या पाण्यांतून तहानलेल्या गांवांसाठीं व शेतीसाठीं हा थोडा सांठा केला आहे.

ता. २८ फेब्रुवारी २०१३ रोजीं निकाल लागला. बंधारा राहिला; खालच्या राज्याची भारी हानि होईल हें सिद्ध झालें नाहीं. परंतु त्याबरोबरच नियम बांधून दिले गेले. १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत दारें वर उचललेलीं असावीं. बंधाऱ्यांतील पाण्यापैकीं ०.६ अब्ज घनफूट हें दोन्ही जलाशयांच्या सामाईक बुडितांतील. त्याची उचल वारंवार करूं नये, आणि तेवढें पाणी दर वर्षीं १ मार्च रोजीं खालीं सोडावें. देखरेखीसाठीं तीन सभासदांची समिति नेमली: एक केंद्रीय जल आयोगाचा व एकेक दोन राज्यांचा. २०१४ सालीं तेलंगण राज्य निर्माण झालें, तेव्हां आंध्राची जागा त्यानें घेतली.

या नियमांचा मोठा गुण म्हणजे त्यांची तपासणी कोणासही करतां येते. पंचांगांतील तारीख दोन्ही तीरांवर एकच असते. परंतु दोषही त्यांतच आहे; कारण मेघ पंचांग पाहून वर्षत नाहींत. ज्या वर्षीं परतीचा पाऊस लवकर आटोपतो, त्या वर्षीं २९ ऑक्टोबरला दारें लावून अडवावयास पाणी थोडेंच उरतें, आणि धर्माबादच्या शेतकऱ्यानें डोळ्यांदेखत वाहून गेलेल्या पुराची आठवण काढीत हरभरा पेरावा लागतो. तथापि केवळ वरच्यांच्या सोयीनें दारें लवकर लावलीं, तर अवर्षणाच्या सालीं श्रीरामसागरावर विसंबलेला शेतकरी तितकाच न्याय्य प्रश्न विचारील.

तारखेऐवजीं पाण्याच्या पातळीवर नियम बांधण्याची रीत अन्यत्र चालून पाहिलेली आहे. अमेरिकेंतील कोलोराडो नदीच्या सात राज्यांसाठीं २००७ सालीं ठरलेल्या नियमांत मीड सरोवराची पातळी १०७५ फुटांखालीं जाण्याचें अनुमान निघालें, कीं खालच्या राज्यांनीं आपला वापर घटवावयाचा, अशी पायरी होती. टंचाईची घोषणा प्रथम २०२१ सालीं झाली, तेव्हां कोणीं किती सोडावयाचें याचा आंकडा आधींच लिहिलेला होता.

बाभळीसही असें कांहीं करतां येणें अशक्य नाहीं. श्रीरामसागर अमुक पातळीपर्यंत भरला व वरून पाणी येत आहे, तर दारें आधीं लावावीं. तो रिता असेल, तर आजची तारीख पाळावी. मात्र यासाठीं तीन गोष्टी लागतील. मापें दोघांनीं मिळून घ्यावीं. तीं रोज दोन्ही राज्यांतील गांवांना कळावीं. आणि फेरबदल दोघांच्या संमतीनेंच व्हावा.

कारंज्याकडील शेतकऱ्यास यांत नवें कांहींच वाटूं नये. कालव्याच्या तोंडाशीं असलेल्यानें आपली पाळी संपतांच बारें बंद केलें, तरच शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोंचतें. आणि शेवटच्यास भरंवसा वाटला, तरच तो रात्रीं पाट फोडावयास निघत नाहीं. हा भरंवसा दुष्काळ पडण्यापूर्वीं, भरल्या पाण्याच्या वर्षींच लिहून ठेवावयाचा असतो.