सिस्टरला एक मिनिट द्या
(रेडिओवरील भाषण)

कुरकुंभ, पांढरेवाडी, जिरेगाव, तिकडे शिरूर-न्हावऱ्यापर्यंत जिथं जिथं रेडिओ लागला असेल, तिथल्या आयाबायांना आणि मुद्दाम सासूबाईंना नमस्कार. लहान मुलांची सिस्टर नेमकं काय करते, यावर बोलायला मला पाच मिनिटं मिळाली आहेत. त्यातलं निम्मं मी एकाच मिनिटावर खर्च करणार आहे.

सर्दी-खोकल्याचं लेकरू घेऊन बाई उपकेंद्रात येते. सिस्टर त्याला मांडीवरून उचलतसुद्धा नाही. झबलं वर करते, घड्याळ समोर धरते आणि गप्प बसते. लगेच मागून आवाज येतो, "अहो सिस्टर, नुसतं बघत काय बसलाय? सुई टोचा की!" बघत नाही हो ती, मोजतेय. पोट वर आलं, खाली गेलं, की एक श्वास. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला 60, वर्षाच्या आतल्याचे 50, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40. तेवढे किंवा त्याहून जास्त भरले की न्यूमोनियाची शंका घ्यायची. आणि मिनिट म्हणजे पूर्ण मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं, असं चालत नाही. तान्ह्याचा श्वास मध्येच भरभर चालतो, मध्येच थांबल्यासारखा होतो. रडत असलं तर आधी शांत करायचं, मग मोजायचं. म्हणून तिला वेळ लागतो.

आपण जंक्शनवाली माणसं. जुन्या काळी दौंडला केबिनमधला सांधेवाला खटका ओढायचा, तेव्हा गाडी मनमाडकडे की सोलापूरकडे ते ठरायचं. इंजिन तो चालवत नसे. पण सांधा चुकला तर ड्रायव्हर कितीही पटाईत असून उपयोग काय? आपली सिस्टर तशीच. साधी सर्दी असली तर लेकरू लूप लाइनला, म्हणजे घरी. अंगावर पाजत राहा. वर्षा-दोन वर्षांच्या मुलाचा श्वास नुसताच जोरात असला तर अमॉक्सिसिलिनचं औषध आणि पुन्हा तपासणी. दोन महिन्यांच्या आतल्याचा जोरात असला, किंवा कुठल्याही लेकराच्या बरगडीखाली खळगा पडतोय, दूध ओढत नाही, आकडी आली, डोळे उघडत नाही, तर थेट मेन लाइन: 108 लावा आणि मोठं रुग्णालय गाठा. आता सांगा, प्रवाशांनीच खाली उतरून सांधेवाल्याचा हात ओढला, "आटप की लवकर!" तर? आपण तेच करतो.

हे काम सिस्टरनं करावं ही कल्पना काही आजची नाही. 1965 साली अमेरिकेत कोलोरॅडोला लोरेटा फोर्ड या नर्सनं आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञानं मिळून नर्सेसना वेगळं शिक्षण द्यायला सुरुवात केली. मूल तपासायचं, साधा आजार स्वतः हाताळायचा, अवघड असेल ते ओळखून पुढं धाडायचं. आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तर गावातल्याच बायका तयार केल्या. 39 गावांत त्यांनी घरोघरी नवजात बाळं सांभाळली आणि नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी उतरले. 1999 साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. 2011 पासून देशभर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाला बघायला येते, ती यातूनच. दार लावून घेऊ नका तिच्यासमोर!

आणि सुईचं म्हणाल, तर तान्ह्याला जंतुसंसर्गाची शंका असेल आणि पुढं नेणं शक्यच नसेल, तर जेंटामायसिन टोचायची मुभा एएनएमला, म्हणजे उपकेंद्रातल्या आपल्या सिस्टरला, 2014 पासून आहे. म्हणजे सुई तिला येते. नको तिथं ती टोचत नाही, एवढंच.

बाळंतपणासाठी अशा वेगळं शिकलेल्या नर्सेस, म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर, तयार करायचं केंद्रानं 2018 मध्ये ठरवलं. लेकरांसाठी तसं पद आपल्या उपकेंद्रावर काही दिसत नाही. काम तेच, पण ना नाव, ना अधिकार, वर रजिस्टरांचे ढीग… काचेपलीकडून खूण झाली, ते राहू द्या.

विसराल म्हणून पुन्हा सांगते: पूर्ण एक मिनिट, शांत लेकरू, उघडं पोट. घरीही मोजता येतं.

शेवटचं. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. कोपीत चुलीचा धूर, बाहेर थंडी, आणि त्या लेकरांची नावं आपल्या गावच्या यादीत नसतात. तुमच्या रानात टोळी आली की कोपीत तान्ही किती आहेत, ते त्याच दिवशी आशाताईच्या कानावर घाला.