इंजिनाचा श्वास आणि मुलांचे हात



मॅनिफोल्ड म्हणजे बाहेरची हवा घेऊन इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला वाटून देणारी फाटे असलेली नळी. मुंबईच्या के. जे. सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील ‘ओरायन रेसिंग’सारख्या विद्यार्थी संघांनी ‘फॉर्म्युला स्टुडंट’ स्पर्धेसाठी शर्यतीच्या मोटारी स्वतः घडविल्या आहेत. या स्पर्धेत पेट्रोल इंजिनाची सारी हवा जास्तीत जास्त 20 मिलिमीटर व्यासाच्या वाटेने न्यावी लागते. म्हणून तयार मॅनिफोल्ड सहसा चालत नाही. तो मुलांनाच करावा लागतो.

रीत अशी : प्रथम गणित व आराखडा, मग नमुना, मग चाचणी. अरुंद वाटेपुढची नळी एकदम रुंद केली तर हवेत भोवरे उठतात व ताकद घटते. ती हळूहळू रुंद करावी लागते. एका सिलिंडरला हवा कमी पोचली तर सारे इंजिन अडखळते. नमुना फसला की मोजमाप तपासून दुसरा करावयाचा.

पालकांनो, वाशीम, कारंजा, रिसोडच्या आपल्या मुलांनाही हे कसब साधेल. मुलगा आय.टी.आय.ला गेला म्हणजे मागे पडला असे मानू नका. मुलीला भौतिकशास्त्र घ्यावयाचे असेल तर तिला अडवू नका. घरातील प्रत्येकाला शिक्षणाची हवा सारखी मिळू द्या. विद्यार्थ्यांनो, पहिला नमुना फसला म्हणून वही मिटू नका.

अल्लाह आपणा सर्वांना इल्म मिळविण्याची तौफीक देवो. आमीन.