सरावाचे समान वाटप



सांगली आणि मिरज यांच्या मध्ये वसलेल्या विश्रामबागेला विद्येचा जुना वारसा आहे. १९१९ साली स्थापन झालेले विलिंग्डन महाविद्यालय येथेच आहे आणि १९४७ साली सुरू झालेले, पुढे वालचंद या नावाने ओळखले जाऊ लागलेले अभियांत्रिकी महाविद्यालयही येथेच आहे. जत, आटपाडी, कवठे महांकाळ या अवर्षणग्रस्त तालुक्यांतील शेतकरी मुलाच्या भवितव्याचा विचार करू लागला की त्याची नजर साहजिकच या परिसराकडे वळते. वालचंद ही शासन-अनुदानित संस्था आहे. म्हणजे तिच्या संगोपनात या शेतकऱ्याने भरलेल्या कराचाही वाटा आहे. परंतु तिच्या दारापर्यंत नेणारी शेवटची पायरी खासगी मालकीची झाली आहे. त्या पायरीचे नाव सराव.

एके काळी अभियांत्रिकीचा प्रवेश बारावीच्या गुणांवर ठरे. आज ते गुण केवळ पात्रतेपुरते उरले आहेत. खुल्या गटातील विद्यार्थ्याला संबंधित विषयांत ४५ टक्के मिळाले की बोर्डाचे काम संपते. राज्याच्या कोट्यातील पुढची क्रमवारी सीईटी ठरवते. या परीक्षेत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे प्रश्नामागे १ मिनिट ४८ सेकंद. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांचे मिळून १०० प्रश्न तितक्याच वेळात, म्हणजे प्रश्नामागे ५४ सेकंद. एवढ्या अवधीत सूत्र आठवत बसता येत नाही; ते हातात बसलेले असावे लागते. शेकडो उदाहरणे सोडवून, चुकून आणि ती चूक कोणा जाणत्याकडून समजून घेऊनच ते हातात बसते. बुद्धी गरिबाच्या घरीही असते. परंतु सरावाला मोकळा वेळ, शांत जागा आणि चूक दाखवणारा माणूस लागतो. या तीनही गोष्टींना बाजारात किंमत आहे आणि शिकवणीवर्ग ती वसूल करतात.

गणिताचा सराव म्हणजे केवळ आकडेमोड, असा समज कार्यकर्त्यांतही आढळतो. एक साधे उदाहरण घ्यावे. एक नाणे पाच वेळा उडवले, तर किमान दोन वेळा छापा पडण्याची संभाव्यता १३/१६ येते. जास्तीत जास्त दोन वेळा छापा पडण्याची संभाव्यता १/२ येते. प्रश्न इंग्रजीत असतो. ‘ॲट लीस्ट’ आणि ‘ॲट मोस्ट’ यांतील भेद ज्याच्या चटकन ध्यानात येत नाही, त्या मुलाचे गणित बरोबर असूनही उत्तर चुकते, आणि त्याने काढलेले चुकीचे उत्तर पर्यायांत मांडून ठेवलेलेच असते. गेले ते दोन गुण गणिताचे नव्हेत, वाचनाचे होत. मराठी माध्यमातून दहावी झालेला विद्यार्थी अकरावीच्या विज्ञान शाखेत येतो, तेव्हा एका रात्रीत संभाव्यतेची ‘प्रॉबॅबिलिटी’ आणि विकलनाची ‘डिफरन्सिएशन’ होते. वाणिज्य व संगणक यांकडे वळणाऱ्यांचीही यातून सुटका नाही. बीबीए, बीसीए या अभ्यासक्रमांसाठी २०२४ साली राज्याने प्रथमच सीईटी घेतली; तिच्या १०० प्रश्नांपैकी ४० प्रश्न इंग्रजी भाषेचे होते.

येथे एक विसंगती नोंदवली पाहिजे. केंद्राची जेईई मेन ही परीक्षा २०२१ पासून मराठीतूनही देता येते, गणितासह. राज्याच्या सीईटीत मात्र भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांना मराठी आणि उर्दूचा पर्याय असून गणिताची प्रश्नपत्रिका इंग्रजीतच काढण्याचा प्रघात आहे. २०२४ साली मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचे समारंभ झाले. ज्या भाषेत मूल पाढे शिकले, त्या भाषेत त्याला राज्याच्या परीक्षेतील गणित वाचता येऊ नये, हे त्या दर्जाशी कसे जुळते, याचा जाब शासनाला विचारला पाहिजे.

रोगाचे मूळ याहून खोल आहे. २०२३ च्या ‘असर’ पाहणीत २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागातील १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींची चाचणी झाली. सुमारे एक चतुर्थांश मुलांना आपल्या प्रादेशिक भाषेतील दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे निम्म्याहून कमी मुलांना जमले. प्रवेश परीक्षेच्या मांडवात पोहोचण्याआधीच गळालेली ही मुले आहेत. त्यांच्याविषयी शिकवणीवर्गाला आस्था असण्याचे कारण नाही, कारण त्यांच्या खिशात शुल्क नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या बाजाराची गंमत अशी की त्यात सर्वांनी खर्च वाढवला तरी जागा एकानेही वाढत नाहीत. पर्सेंटाइल म्हणजे इतरांच्या तुलनेतील स्थान. दुष्काळी भागात एकाने तीनशे फूट बोअर पाडली की शेजाऱ्याला चारशे फूट जावे लागते. कर्ज दोघांवर होते आणि पाणी दोघांचेही खोल जाते. शिकवणीचे नेमके असेच झाले आहे. बोअरच्या या शर्यतीला उत्तर याच जिल्ह्याने दिले होते. १९८० च्या दशकात बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी येरळा नदीवर बळीराजा धरण उभारले आणि भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाचा पाण्यावर समान हक्क मानला. पाणी जमिनीच्या प्रमाणात वाटायचे नाही, हे तत्त्व त्यांनी प्रत्यक्षात आणले. सरावाचे वाटपही बापाच्या ऐपतीच्या प्रमाणात होऊ नये.

प्रवेश परीक्षाच नको, ही भूमिका विचारार्ह आहे. तामिळनाडूने २००६ च्या कायद्याने राज्याची प्रवेश परीक्षा बंद केली आणि तेथील अभियांत्रिकीचे प्रवेश बारावीच्या गुणांवर होऊ लागले. तो वाद महाराष्ट्रातही व्हावा. परंतु या वर्षी बारावीत असलेली मुलगी तो निकाली निघेपर्यंत थांबू शकत नाही. डॉ. लोहियांनी तुरुंग आणि मतपेटी यांच्या जोडीला फावडे सांगितले होते. या प्रश्नावरही संघर्ष आणि रचना बरोबरच चालावयास हवीत.

रचनेचे काम फार खर्चाचे नाही. गावातील शाळेची वा ग्रामपंचायतीची एक खोली संध्याकाळी दोन तास मिळवावी. निवृत्त शिक्षक आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांनी आळीपाळीने तेथे बसावे. रोज घड्याळ लावून पंचवीस उदाहरणे, एक मराठी व एक इंग्रजी उतारा मोठ्याने वाचून त्याचा सारांश, आणि त्याच उताऱ्यातील वाक्यांवरून व्याकरण, एवढा क्रम पुरे. प्रत्येकाने चुकांची वही ठेवावी आणि प्रत्येक चुकीपुढे ती संकल्पनेची, आकडेमोडीची की वाचनाची, हे लिहावे. महिन्याभरात ज्याचे त्याला दुखणे कळते. गणितातील मराठी आणि इंग्रजी संज्ञांचा तक्ता भिंतीवर लावावा. मुलींना घरी पोहोचवण्याची व्यवस्था पहिल्या दिवसापासून असावी, नाहीतर त्या दुसऱ्या आठवड्यात दिसणार नाहीत.

संघर्षाच्या मागण्याही स्पष्ट असाव्यात. गणिताची प्रश्नपत्रिका मराठी व उर्दूतही मिळावी. कनिष्ठ महाविद्यालयांतील शिक्षकांच्या रिक्त जागा भराव्यात. नाव महाविद्यालयात आणि मूल शिकवणीवर्गात, हा प्रकार रोखण्यासाठी विज्ञान शाखेत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश शासनाने २०१८ साली काढला होता; पण वर्गात शिकवणारा असल्याखेरीज हजेरीला अर्थ नाही.

विश्रामबागेतील कार्यकर्त्यांनी या कामाला पुढील परीक्षेची वाट न पाहता हात घालावा. खोली, फळा आणि घड्याळ एवढ्यावर ते सुरू होऊ शकते.