कुंचल्याचे टोक

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला चिनी कुंचल्यावर बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हातात लेखणी यायची ती वाण्याच्या यादीपुरती आणि बँकेतल्या सहीपुरती. तीही सही जुळत नाही म्हणून एकदा मला चारचौघांत खिडकीवरून परत पाठवले होते. त्या दिवसापासून कोणासमोर लिहायचे म्हटले की माझा हात थरथरे.

माझा थोरला मुलगा डॉक्टरी शिकायला चीनमध्ये हांगचौ शहरी आहे. तिथे त्याने अक्षरलेखनाचा वर्ग केला. मागच्या सुट्टीत त्याने माझ्यासाठी कुंचला आणला आणि मला शिकवायलाच बसला. लेक गुरू आणि आई शिष्या!

तिकडची जुनी शाई बाटलीतली नव्हे. काजळी आणि सरस यांची कांडी असते. ती दगडी पाटीवर पाणी घालून उगाळायची, आपण सहाणेवर गंध उगाळतो तशी. कुंचला पेनासारखा तिरका धरायचा नाही, उभा धरायचा. तळवा पोकळ ठेवायचा, आत अंडे मावेल इतका. मोठे अक्षर काढताना मनगट टेकायचे नाही. सगळा हात खांद्यापासून चालवायचा. दहा मिनिटांत माझा खांदा भरून आला. पोळ्या लाटून इतका कधी भरला नव्हता.

आडवी रेघ उजवीकडे न्यायची, तर कुंचला आधी किंचित डावीकडे टेकवून मग वळवायचा. म्हणजे टोक रेघेच्या आत लपते. शिवताना आपण पहिली गाठ आतल्या बाजूला घेतो ना, तसेच हे. पुढे टोक रेघेच्या मधोमध चालले पाहिजे. दाबले की रेघ जाड, उचलले की बारीक. शेवटी जरा थांबून टोक पुन्हा आत वळवायचे. 'यूंग' म्हणजे 'सदैव'. या एका अक्षरात आठ मूळ रेघा आहेत असे तिकडे मानतात, म्हणून मला तेच गिरवायला मिळाले. त्यांचा कागद शाई लगेच पितो. चुकलेल्या रेघेवरून मी हळूच हात फिरवला, तर लेकाने लांबूनच ओळखले.

आता या कुंचल्याची हकीकत सांगते. मंग तियान नावाच्या सेनापतीने तो शोधला असे तिकडे परंपरेने सांगतात. चीनच्या पहिल्या सम्राटाचा हा सेनापती इ. स. पूर्व २१० मध्ये वारला. परंतु १९५४ साली चांगशा शहराजवळ एका थडग्यात सशाच्या केसांचा कुंचला निघाला, तो या सेनापतीच्याही आधीचा. त्याहून जुन्या, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या हाडांवर कुंचल्याने लिहिलेली अक्षरे सापडली आहेत. म्हणजे सेनापतींनी फार तर त्यात सुधारणा केली असेल. नाव मात्र त्यांचे राहिले!

हांगचौच्या उत्तरेस हूचौ आहे. तिथले शानलियान गाव कुंचल्यांसाठी प्रसिद्ध. बकरीचे केस मऊ, सशाचे ताठ; मुंगसासारख्या दिसणाऱ्या वीझल नावाच्या प्राण्याच्या शेपटीचेही ताठ. हे केस पाण्याच्या परातीत भिजवून, हाडाच्या फणीने विंचरून, एकेक निवडून त्यांची टोके जुळवायची. हे सर्वांत नाजूक काम तिथे परंपरेने बायकांचे. भर थंडीतही हात पाण्यातच. मोडक्या टोकाचा केस राहिला तर कुंचल्याला अणी येत नाही. आणि अणी नसेल तर मोठ्या उस्तादाचीही रेघ फाटते. त्या गावात सेनापतीचे देऊळ आहे आणि त्याच्या बायकोलाही 'कुंचल्याची देवी' म्हणून मान आहे. हे ऐकून मला बरे वाटले. हूचौच्या या कारागिरीची २००६ साली चीनच्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत नोंद झाली.

लिहिण्यातही बाई मागे नव्हती. चिनी लोक ज्याला अक्षरांचा सम्राट मानतात, तो वांग शी-झी (३०३–३६१) लहानपणी शिकला वेई बाईंकडे. त्यांचा काळ २७२ ते ३४९. रेघा कशा ओढाव्या यावरचा एक छोटा ग्रंथ त्यांच्या नावावर सांगतात. तो खरोखर त्यांचाच का, याबद्दल पंडितांत वाद आहे. पण शिष्याचे अक्षर त्यांनी वळवले, ही गोष्ट सगळेच सांगतात.

मुलगा परत गेला. मी रोज दुपारी भांडी आवरली की जुन्या वर्तमानपत्रावर अर्धा तास गिरवते. मग कुंचला साध्या पाण्यात धुऊन, टोक खाली करून खिळ्याला टांगते. उभा ठेवला तर पाणी दांडीत उतरते आणि केस सुटतात. गेल्या महिन्यात बँकेत गेले होते. हात थरथरला नाही. सही मात्र याही वेळी जुळली नाही. आता ती जुन्या सहीपेक्षा बरी येते! नवा नमुना भरून दिला आहे.

कुंचला आणि शाईची पाटी मी बरोबर आणली आहे. ज्यांना हात चालवून पाहायचा असेल त्यांनी चहानंतर पुढे यावे. फक्त पदर नीट खोचून या, कारण ही शाई लुगड्यावरून जात नाही.