खाद्याचा रिकामा रकाना



गटांच्या वह्या तपासणं हे माझं दर महिन्याचं काम. शेळीच्या गटाकडे चाऱ्याचा खर्च असतो, कोंबड्यांच्या गटाकडे खाद्याची पोती. खाडीत कालवं आणि शिणाणे पाळणाऱ्या गटांच्या वहीत बांबू असतात, दोरी असते, होडीचं भाडं असतं, मजुरी असते. खाद्याच्या रकान्यात मात्र आडवी रेघ. बँकेचे एक साहेब म्हणालेसुद्धा, "मॅडम, इथं लिहायचं राहिलंय." राहिलेलं काहीच नव्हतं. कालवांना आपण खायला घालतच नाही.

मग ती वाढतात कशावर? "पाणी पिऊन," असं आपल्यातल्या बायका सांगतात, आणि त्यात बरंचसं तथ्य आहे. कालव शिंपा थोडी उघडी ठेवून पाणी आत ओढतं, गाळतं आणि बाहेर सोडतं. गाळून जे उरतं ते त्याचं जेवण. त्यात मुख्य असतं ते पाण्यावर तरंगणारं, डोळ्यांना न दिसणारं हिरवं. पुस्तकात त्याला वनस्पती प्लवक म्हणतात. मी त्याला समुद्राचं गवत म्हणते. मूळ नाही, पान नाही, एकेक पेशी म्हणजेच एकेक झाड. खाडीचं तांब्याभर पाणी घेतलं तर त्यात अशी हजारो, कधी लाखो झाडं असतात.

आणि ती एका जातीची नसतात. डायाटम म्हणून एक मोठं कुटुंब आहे. त्यांच्या अंगावर काचेसारखं कवच असतं, वाळूत असतं त्याच सिलिकाचं. कवचाचे दोन भाग, एक दुसऱ्यावर झाकणासारखा बसतो, अगदी कुंकवाच्या करंड्यासारखा. म्हणूनच मराठीत त्यांना करंडक वनस्पती असं नाव पडलं. ज्याने कोणी हे नाव दिलं त्याने घरातला करंडा नीट बघितला असणार. दुसऱ्या एका कुटुंबाला शेपटीसारखे दोन धागे असतात, ते हलवत ती पाण्यात गिरक्या घेतात. काही जाती अंगाभोवती खडूच्या चकत्या रचतात. आणि सगळ्यांत बारीक जात आहे प्रोक्लोरोकॉकस, मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान. उबदार खोल समुद्रात ती अफाट संख्येने असते, तरी १९८० च्या दशकापर्यंत कुणाला ठाऊक नव्हती. सॅली चिशोल्म या अमेरिकेतल्या बाई आणि त्यांचे सहकारी, यांनी ती शोधली.

आता हिशेबाची गोष्ट. जगातली सगळी झाडंझुडपं, पिकं, गवत एका पारड्यात घालून वजन केलं तर या प्लवकांचा वाटा शंभरात एकसुद्धा भरत नाही. पण सूर्यप्रकाशावर अन्न तयार करण्याचं जगात जेवढं काम होतं, त्यातलं निम्म्याच्या जवळपास काम ती करतात. कसं? बचत गटातल्या बाईला हे समजावून सांगावं लागू नये. भांडवल थोडं, पण फिरतं भराभर. वडाचं झाड आपलं लाकूड शंभर वर्षं धरून बसतं. प्लवक एक-दोन दिवसांत एकाचे दोन होतात, आणि तितक्याच वेगाने खाल्ले जातात.

मोबाईलवर एक वाक्य फिरतं, की आपला दर दुसरा श्वास समुद्रामुळे. ते जरा सावरून घ्यायला हवं. प्राणवायू ही प्लवकं खूप तयार करतात हे खरं, पण त्यातला बहुतेक सगळा समुद्रातच खर्च होतो. हवेत साठलेला प्राणवायू कोट्यवधी वर्षांच्या शिलकीचा आहे. त्यांचं रोजचं मोठं काम म्हणजे समुद्राला जेवू घालणं.

पेडवे प्लवकांवर जगतात. जवळा, बारीक कोळंबीची पिल्लं, बांगड्याची पिल्लं हीसुद्धा थेट नाहीतर एक पायरी सोडून त्यांच्यावरच. पावसाळ्यात कर्ली, गड यांसारख्या नद्या डोंगरातलं खत घेऊन उतरतात. त्याच दिवसांत वाऱ्यामुळे किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाजूला सरतं आणि खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं. केरळ-कर्नाटकाकडे हे जोरात होतं, आपल्याकडे कमी. पण खत आलं की हे गवत माजतं, आणि नारळी पौर्णिमेनंतर जाळ्यात जे येतं त्याची पेरणी अशी झालेली असते. हैदराबादच्या इन्कॉईस संस्थेकडून मच्छीमारांना मासे कुठे मिळतील याची सूचना येते ना, तीही उपग्रह माशांना बघून देत नाही. उपग्रह पाण्याचा हिरवेपणा आणि तापमान मोजतो. जिथं चारा, तिथं गुरं.

पण सगळंच गवत चांगलं नसतं, आणि आज बोलायला बसले ती मुख्यतः यासाठी.

२०२० च्या नोव्हेंबरात जुहूपासून देवगडपर्यंत रात्रीच्या लाटा निळ्या चमकत होत्या. लोक गाड्या करून बघायला गेले. असा उजेड करणाऱ्यांत नॉक्टिल्युका हा जीव नेहमीचा. तो आपल्या करंड्यांनाच खातो. उत्तर अरबी समुद्रात २००० नंतर हिवाळ्यात त्याची हिरवी जात दाट पसरू लागली आणि करंडे मागे पडले. देखावा सुंदर, पण माशांच्या दृष्टीने चांगला चारा जाऊन रान माजल्यासारखं.

आणखी काही जाती थेट विषारी आहेत. त्या कालवाला काही करत नाहीत. विष त्याच्या अंगात साठतं आणि ते खाणाऱ्याला बाधतं. केरळात विझिंजमला १९९७ साली शिणाणे खाऊन सात माणसं दगावली. तिथल्या बायकांनी ते नीट शिजवले नसतील असं समजू नका. हे विष उकळून जात नाही, कोकम घालून जात नाही, ताजेपणाशीही त्याचा संबंध नाही.

म्हणून पाणी तांबूस, तपकिरी किंवा गडद हिरवं दिसलं, फेस आणि वास आला, मासे मरून वर आले, तर काढणी थांबवायची. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी. प्रत्येक रंगीत पाणी विषारी नसतं, हे मला माहीत आहे, आणि कधी रंग न बदलताही विष असू शकतं. पण ते ओळखायला प्रयोगशाळा लागते, आपल्याकडे डोळे आहेत. आठवड्याची विक्री बुडेल. एका घरात कुणी आजारी पडलं तर हंगामाची बुडेल, आणि ती भरून काढता येईल असं नुकसान नसेल. मत्स्य विभागाला कळवा, पाणी तपासून घ्या, मगच पुन्हा काढा. तिसऱ्या, खुबे वेचणाऱ्या बायकांनाही हेच लागू.

शिंपल्यांचं कालवण खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा दोन-चार तासांत ओठ, जीभ, बोटं बधिर झाली, मुंग्या आल्या, चालताना तोल गेला, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. श्वास अडकू शकतो, त्यामुळे दवाखाना मोठाच बघा. आणि डॉक्टरांना पहिल्यांदा हे सांगा की आज काय खाल्लं, किती वाजता खाल्लं आणि ते कुठल्या खाडीतून काढलं होतं.