मातांनो, सोबतीने चाला!



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी कित्येकांना हसू येईल. वृद्ध स्त्रियांनी मिळून रोज फिरावयास जावे, हा काय भाषणाचा विषय झाला? जिने जन्मभर दुसऱ्याच्या शेतात खुरपणी केली, कोसभरावरून डोक्यावर पाणी आणले, तिला चालण्याचा उपदेश कशाला? प्रश्न वाजवी आहे, म्हणून प्रथम त्याचेच उत्तर देतो.

जन्मभर राबलेली हीच बाई साठी उलटल्यावर बसती होते. शेत मुलगा पाहतो, बाजारहाट सून करते, आणि तिच्या वाट्याला नातवंडे, निवडटिपण व दाराची राखण एवढेच उरते. घरकामाची हालचाल वाया जात नाही हे खरे. परंतु तीत सलग चालणे घडत नाही. न वापरलेले स्नायू क्षीण होतात. पाळी गेल्यानंतर स्त्रीची हाडे विरळ होऊ लागतात. मग एके दिवशी मोरीपर्यंत जावयासही तिला सुनेचा हात धरावा लागतो. ज्या स्त्रीने आयुष्यात कोणापुढे हात पसरला नाही, तिचे स्वावलंबन असे पायांतून निघून जाते. म्हणून हा प्रश्न केवळ आरोग्याचा नाही. माणसाच्या प्रतिष्ठेचा आहे. भगवान बुद्धांनीही चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत, आणि प्रवासाची व श्रमाची क्षमता, निरोगीपणा आणि अन्नाचे पचन हे त्यांतच येतात.

किती चालावे? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ६५ वर्षांवरील माणसांनीही आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. म्हणजे निदान रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. दहा हजार पावलांच्या आकड्याने कोणी दबून जाऊ नये. जपानमध्ये १९६५ साली विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या एका यंत्राच्या नावावरून तो रूढ झाला. अमेरिकेतील सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ स्त्रियांची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि ७,५०० च्या पुढे त्यात फारशी भर पडली नाही. अशा पाहणीने कार्यकारण पुरते सिद्ध होत नाही. तरी थोडे चालणेही व्यर्थ नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते.

मग एकटीने का चालू नये? कारण एकटी बाई दोन दिवस जाते. तिसऱ्या दिवशी पाहुणे येतात, चौथ्या दिवशी गुडघा दुखतो, आणि पाचव्या दिवशी ‘म्हातारपणी ही कुठे निघाली?’ हे शेजारणीचे शब्द तिला घरात बसवतात. दारात चार जणी वाट पाहत उभ्या असल्या की हीच बाई चपला घालून बाहेर पडते. इंग्लंडातील सॉनिंग कॉमन या खेड्यात डॉ. विल्यम बर्ड यांनी १९९० च्या दशकात आपल्या रुग्णांसाठी असे समूहाने चालणे सुरू केले, आणि पुढे ते त्या देशात सर्वत्र पसरले. निरनिराळ्या देशांतील अशा गटांच्या ४२ अभ्यासांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तदाब, शरीरातील चरबी आणि मनाची उदासीनता या तिन्हींत त्यांत सुधारणा दिसली.

यास पैसा लागत नाही. विहाराच्या अंगणात सकाळी उन्हापूर्वी जमावे. एकीने पुढे राहावे, एकीने सर्वांत मागे. मागे पडलेली बाई एकटी राहता कामा नये. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे, मग हळूहळू अर्धा तास. पायांत न घसरणाऱ्या चपला असाव्यात, पदर व निऱ्या खोचलेल्या असाव्यात. मधुमेहाची औषधे घेणारीने जवळ साखर ठेवावी. छातीत दुखले, चक्कर आली किंवा श्वास कोंडला तर तत्काळ थांबून दवाखाना गाठावा. नुसत्या चालण्याने पडण्याचा धोका टळतो असे नाही. म्हणून आठवड्यातून तीन दिवस भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभे राहण्याचा आणि खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा सराव करावा.

आता शेवटचे, आणि ते मुलांना व सुनांना. आई का चालत नाही, याचे खरे कारण तिचे गुडघे नसून आपले घर आहे. सकाळचा चहा, नातवाचे दप्तर, पाणी भरणे ही सर्व कामे आपण तिच्या हक्काच्या अर्ध्या तासावर टाकली आहेत. समतेची भाषा आपण सभेत बोलतो; ती चुलीपाशीही बोलली पाहिजे. उद्या सकाळी चहा तुम्ही करा, मुलाला तुम्ही तयार करा, आणि आईला म्हणा, ‘बाहेर मैत्रिणी थांबल्या आहेत, तू जा.’ तिने जन्मभर आपल्यासाठी पायपीट केली. आता तिला स्वतःसाठी चालू द्या.